अनुभव धागा: गोव्याचा पाऊस, हिमालयातला बर्फ आणि लोकरीचे पायमोजे

गोव्यात लोकरीच्या मोज्यांचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इथे कुठे एवढी थंडी?" दिवाळीनंतर हिमालयातल्या ट्रेकची तयारी करणारी मुले हेच विचारतात, त्यांचे आईवडीलही. माझे मत पक्के आहे. लोकर फक्त थंडीपुरती नाही. पाय ओले राहतात त्यावर तिच्याइतका चांगला उपाय मला मिळालेला नाही, आणि पाय ओले राहायला आपल्याकडे निमित्त कमी नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उरलेल्या महिन्यांत घाम येतो.

मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक, मऊ लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प तंतूच्या आत घेते, तरी पायाला ओली लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही आत घेत नाही. सुती मोजा पाणी पितो आणि ते धरून ठेवतो. ओली कातडी मऊ पडते, मोज्याला जास्त घासते आणि मग फोड येतो.

पण दुकानात उभे राहिल्यावर प्रश्न वेगळे पडतात. लोकर किती टक्के, जाडी किती, उंची कुठवर, आणि टिकणार किती. त्यासाठी हा धागा. पायांना ज्यांनी खरोखर राबवले आहे त्यांनी लिहा. कंपनीचे नाव नसले तरी चालेल. वीण कशी होती, माप कसे बसले, धुतले कसे, पहिल्यांदा कुठे विरला, हे मात्र जरूर लिहा.

सुरुवात मी करते. मी आधी लेबल वाचते. ६० ते ७० टक्के मेरिनो, बाकी बहुतांश नायलॉन आणि थोडे इलॅस्टेन (ताणणारा धागा), असे मिश्रण मला सर्वांत टिकाऊ वाटते. "शंभर टक्के मेरिनो" हे ऐकायला छान, पण असा मोजा टाचेवर आणि अंगठ्याखाली लवकर विरतो. ओली लोकर कोरडीपेक्षा कमजोर असते, घर्षण सोसायला नायलॉनच लागते. मग मोजा उलटा करून हातात मुठीवर चढवते आणि उजेडाकडे धरते. टाचेच्या जागी उजेड झिरपत असेल तर तो परत ठेवते. आत टॉवेलसारखे बारीक फासे असतात, ते तळव्याखाली दाट हवेत, पावलाच्या वरच्या बाजूला नसले तरी बिघडत नाही. शेवटी बोटांवरची शिवण. तिच्यावरून नख फिरवायचे. नखाला दोरीसारखी गाठ लागली, तर उतारावर तीच गाठ करंगळीला लागणार.

सावईवेरे, कुळागर

आमचे माडा-पोफळीचे कुळागर आहे. जून ते सप्टेंबर दिवसातले बरेच तास पाय गमबुटात. गमबूट बाहेरचे पाणी अडवतो, पण आतला घामही बाहेर सोडत नाही, आणि पाट ओलांडताना वरून पाणी शिरायचे ते शिरतेच. पूर्वी मुलांचे शाळेतले जुने सुती मोजे घालायचो. दुपारी काढून पिळले की धार लागायची. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, पावसाळाभर मलम.

भाचा लडाखला नोकरीला होता, त्याने पोटरीपर्यंतचे जाड लोकरीचे मोजे आणून दिले. मी आठवडाभर हात लावला नाही, गरम होईल म्हणून. घातल्यावर कळले की पाय गरम होतो खरा, पण चिकट होत नाही. मोजा गमबुटाच्या कडेच्या वर दोन बोटे यायला हवा, नाहीतर ती कड पोटरीवर घासून वळ उठतात. आणि दुपारी जेवायला आलो की जोडी बदलतोच. दोन जोड्या नसतील तर लोकरीचाही उपयोग नाही. चिखल्या पूर्ण गेल्या असे म्हणणार नाही, पण मलमाची ट्यूब आता पावसाळाभर पुरते.

(धागा काढणारी)

काका, जोडी बदलण्याचे तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या ब्रिटिश सैनिकांना रोज कोरडे मोजे घालण्याची सक्त ताकीद होती, पायांना देवमाशाचे तेल चोळायला लावत. थंड चिखलात दिवसेंदिवस ओले राहिलेले पाय सडत, म्हणून.

वाळपई

जंगलात फिरणे हे माझे काम. म्हादईच्या खोऱ्यात पावसाळ्यात मोजे निवडायचे ते जळवांचा विचार करून. लोकरीचा मोजा कितीही जाड असला तरी विणलेला असतो, पायावर ताणला की त्याची भोके मोठी होतात. उपाशी जळू इतकी बारीक असते की तिला तेवढे पुरते. म्हणून आत लोकरीचा मोजा आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचा, घट्ट कापडाचा, वर नाडी असलेला जळूमोजा. मीठ, तंबाखू वगैरे लावून लोक येतात, पण पहिल्या ओढ्यात ते सगळे धुऊन जाते.

ओढे दिवसभर ओलांडायचे असतील तर अगदी जाड मोजा घेऊ नका. भिजला की जड होतो आणि इथल्या हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. मध्यम जाडीचा बरा.

मडगाव

हिमाचलमधली सार पास ही खिंड केली मे महिन्यात. १३,८०० फूट. मे असला तरी बर्फ असतो, आणि दुपारी तो भुसभुशीत होऊन बुटात शिरतो. आमच्या तुकडीत कोकणपट्टीचे आम्ही बरेच होतो आणि थंडीची धास्ती इतकी की बहुतेकांनी दोन-दोन जाड मोजे एकावर एक चढवलेले. आमच्या वाटाड्याने सकाळी सगळ्यांना बूट काढायला लावले. तो म्हणाला, बुटात बोटे हलली पाहिजेत. बोटे हलत नसतील तर रक्त फिरत नाही आणि दोन मोज्यांत पाय एका मोज्यापेक्षा जास्त गारठतो. एक जाड मोजा, किंवा आत अगदी पातळ अस्तराचा आणि वर एक लोकरीचा, इतकेच. पातळ अस्तराचा फायदा असा की घर्षण दोन मोज्यांमध्ये होते, कातडीवर येत नाही.

त्यामुळे बूट घ्यायला जाताना जे मोजे घालणार तेच घालून जा, आणि संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो, तेच खरे माप. आमच्याकडे लोक चपलेवर बूट घ्यायला जातात आणि दुकानातला नायलॉनचा पातळ मोजा चढवून माप ठरवतात.

झोपायचे मोजे वेगळे ठेवा. ते तंबूच्या बाहेर न्यायचेच नाहीत. दिवसाचे ओले मोजे रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी ठेवले की सकाळपर्यंत बऱ्यापैकी वाळतात. तंबूच्या दोरीवर टाकले तर सकाळी कडक गोठलेले मिळतील.

म्हापसा

शुक्रवारच्या बाजारात शंभर-दीडशेला "वूलन" मोजे मिळतात. मेरिनोची जोडी हजारभराच्या घरात जाते. एवढा फरक कशाचा? स्वस्तातले चालणार नाहीत का?

पणजी

माझे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले, म्हणून उत्तर देतो. त्या भावात बहुधा ॲक्रिलिक मिळते. दिसायला मऊ, फुगीर, ऊबही देते, पण घाम पोटात घेत नाही. खात्री करायची तर मोज्याच्या आतला एक सुटा धागा काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडता येते. ॲक्रिलिक पेटते, वितळते, आणि मागे काळा कडक मणी राहतो. मिश्रण असेल तर दोन्ही थोडे थोडे दिसेल. नायलॉनही वितळते, त्यामुळे छोटासा मणी दिसला म्हणून लगेच मोज्यावर संशय घेऊ नका. फक्त हे घरी करा, दुकानात नको.

डिचोली

आमची दिंडी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. तीनशे किलोमीटरच्या पुढे चाल, त्यात घाट, पाऊस आणि डांबरी रस्ता. घोंगडी पांघरलेल्या माणसाला ओली लोकरही ऊब देते हे सांगावे लागत नाही, त्यामुळे माझा लोकरीवर आधीपासून विश्वास. पण घोंगडीची लोकर पायाला चालत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड असते, टोचते. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, म्हणून तो टोचत नाही. ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की कातडी तक्रार करते. मनालीहून कोणी हाताने विणलेले मोजे आणले तर तेही आधी घरात घालून बघा. ते ऊबदार असतात, पण बरेचसे खरखरीत असतात आणि लांब चालीत घोट्याला सोलतात.

मी सॅंडलमध्ये पातळ मेरिनो घालते. एक अडचण आहे: रस्त्याकडेची बारीक खडी विणीत अडकते आणि तीच मोजा कापते. दर विसाव्याला मोजे काढून, उलटे करून झटकायचे. बायका हसायच्या, आता आमच्या दिंडीत पुष्कळजणी झटकतात.

काणकोण

बायकांसाठी मापाचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. "फ्री साइझ" मोजा माझ्या पायात घातला की त्याची टाच घोट्याच्या वर येते आणि तळव्याखाली चुणी पडते. त्या चुणीने खोतीगावच्या जंगलात मला जो फोड दिला तो आठवडाभर पुरला. मापाचेच मोजे घ्या. टाचेची पिशवी टाचेवर नेमकी बसली पाहिजे आणि बोटांपुढे कापड लोंबायला नको. घातल्यावर जागच्या जागी दहा-बारा उड्या मारा, मोजा खाली सरकला तर तो ट्रेकवरही सरकणार.

वास्को

मी वेगळे मत मांडतो. एप्रिल-मे महिन्यांत किनारपट्टीवर पळणाऱ्याला आणि सायकल चालवणाऱ्याला जाड लोकर देऊ नका. मी पातळ सिंथेटिक घालतो, तो भिजतो लवकर आणि वाळतोही लवकर. लोकर हळू वाळते हे खरेच आहे. पण सलग दोन-तीन दिवसांची सायकल असेल आणि धुवायला वेळ नसेल, तर पातळ मेरिनो घेतो, कारण त्याला वास धरत नाही.

पेडणे

धुणे आणि ठेवणे यावर लिहिते, कारण महागडे मोजे झिजण्याआधी इथेच खराब होतात.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटतो. मशीनमध्ये चालणाऱ्या लोकरीवर आधी प्रक्रिया केलेली असते, ती नसेल तर हाताने धुवा. मोजा उलटा करा, गार पाण्यात लोकरीचा द्रव साबण, हलके दाबा. डाग खाणारी एन्झाइमची पावडर नको. ती प्रथिनांवर काम करते आणि लोकर हे प्रथिनच आहे. ब्लीच तर अजिबात नको. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत पंख्याखाली वाळवा.

आपल्या हवेत दुसरा शत्रू म्हणजे कसर. घाम लागलेली लोकर तिला विशेष आवडते, म्हणून एकदाच घातलेला मोजासुद्धा न धुता ठेवू नका. पूर्ण वाळलेले मोजे घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत डांबराच्या गोळ्या कागदात बांधून, आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून झटकायचे.

विरलेली टाच लगेच रफू करते. आई जुना बल्ब मोज्याच्या टाचेत घालायची, म्हणजे कापड ताणून गोल बसते आणि सुई खालच्या पदराला लागत नाही. आधी उभे धागे भोकाच्या बरेच बाहेरून सुरू करायचे, मग आडवे, एक वरून एक खालून. टोकाला गाठ मारायची नाही, ती पायाला लागते. भोक पडेपर्यंत थांबू नका, जाळी दिसू लागली की सुई घ्या.

फोंडा

पेडण्याच्या ताईंचे वाचून एक आठवले. २०२४ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या हिमनदीवर एक बूट सापडला, आत पाऊल आणि मोजा. मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर नाव होते: ए. सी. अर्विन. १९२४ मध्ये गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीबरोबर वर गेलेला आणि परत न आलेला तो तरुण. शंभर वर्षे बर्फात राहूनही त्या मोज्यावरचे नाव वाचता आले. घरच्यांनी शिवले असेल का, असा विचार मी अजून करतो.

माझा प्रश्न. मुलगी नववीत आहे, डिसेंबरमध्ये शाळेबरोबर उत्तराखंडमधल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक. किती जोड्या देऊ?

(धागा काढणारी)

चार पुरे, दादा. चालायला मध्यम जाडीच्या दोन, घोट्याच्या वर बुटाची कड झाकतील अशा. शिखराच्या दिवसासाठी एक जाड, आणि झोपायला एक सैल. शिखर १२,५०० फुटांवर आहे, पहाटे अंधारात निघतात, म्हणून जाड जोडी तोवर कोरडी राहिली पाहिजे. ती वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिच्या हातात द्या. चालायच्या जोड्या आत्तापासून बुटांसकट घालायला लावा, रोज संध्याकाळी तासभर, जमल्यास फर्मागुढीच्या चढावर. आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखे कापायला सांगा, सरळ आणि अगदी मुळापर्यंत नाही. वाढलेले नख चांगल्यातला चांगला मोजा आतून फाडते.