हॉवरक्राफ्ट गाळावरून धावते ते कशाच्या आधारावर?

खाडीकाठ:
आमच्या खाडीत ओहोटी लागली की पाणी इतके मागे हटते की लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि प्रवाशांना भरतीची वाट पाहत ताटकळावे लागते. गुजरातच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचे हॉवरक्राफ्ट पाण्यातून थेट वाळूवर चढून आलेले मी पाहिले आहे. तळाच्या कडेने लोंबणाऱ्या रबरी झालरीखालून हवा सतत निसटत असताना एवढे वजन उचलले कसे जाते, आणि आपल्या खाड्यांमध्ये अशी फेरी का चालत नाही, हे कोणी समजावून सांगेल का?

यंत्रशाळा:
हवा निसटते हे खरेच आहे. पंखा जितकी हवा आत ढकलतो तितकीच झालरीच्या कडेखालून बाहेर पडत राहते आणि दरम्यान तळाखाली जो दाब टिकतो तो वजन पेलतो. हा दाब फारच थोडा असतो. २० टनांचे यान आणि १०० चौरस मीटरचा तळ धरला, तर दर चौरस सेंटीमीटरवर केवळ २० ग्रॅम भार येतो. उभ्या माणसाच्या तळव्यांखाली याच्या कितीतरी पट दाब असतो, म्हणून आपण गुडघाभर रुततो त्या गाळावरून हे यान सहज निघून जाते.

ब्रिटिश अभियंते ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी १९५० च्या दशकात एका डब्यात दुसरा लहान डबा बसवला, दोहोंमधल्या गोल फटीतून हवा खाली सोडली आणि तिचा जोर स्वयंपाकघरातल्या तराजूवर मोजला. एकाच डब्यातून सोडलेल्या हवेपेक्षा तो जास्त भरला. याच तत्त्वावरचे एसआर-एन१ हे यान २५ जुलै १९५९ रोजी कॅले ते डोव्हर अशी इंग्लिश खाडी ओलांडून गेले. लवचीक झालर नंतर आली आणि तिच्यामुळेच लाटा व खडबडीत जमीन पार करणे शक्य झाले.

घरी पाहायचे असेल तर जुन्या सीडीच्या भोकावर बाटलीचे भोक पाडलेले झाकण चिकटवा, त्यावर फुगवलेला फुगा चढवा आणि गुळगुळीत फरशीवर बोटाने हलकेच ढकला. माझ्या मुलीने ती सीडी तासभर सोडली नव्हती.

दूरदेशी:
तुमच्यासारखीच अडचण इंग्लंडमधल्या राईड गावाची आहे. तिथे ओहोटीत वाळू इतकी लांबवर उघडी पडते की बोटींसाठी साडेसहाशे मीटरहून लांब धक्का बांधावा लागला. पलीकडच्या किनाऱ्यावरील साउथसी ते राईड ही हॉवरक्राफ्ट फेरी मात्र १९६५ पासून चालू आहे आणि ती सुमारे १० मिनिटांत थेट किनाऱ्यावर पोहोचवते. मी तिने गेलो तेव्हा पंखे मंदावताच सगळे यान, उंट बसावा तसे, हळूहळू खाली बसले आणि आम्ही कोरड्या पायांनी उतरलो. जोराच्या वाऱ्यात मात्र फेऱ्या रद्द होतात, कारण पाण्यात पकड नसल्याने यान बाजूला वाहवत जाते. वळवायचे तेही मागच्या हवेच्या झोतातल्या सुकाणूंनीच.

मोटारी वाहून नेणारी महाकाय हॉवरक्राफ्ट इंग्लिश खाडीत १९६८ ते २००० अशी चालली. समुद्राखालचा रेल्वे बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला आणि इंधन पिणाऱ्या या यानांना त्याच्याशी स्पर्धा करणे जड गेले.

यंत्रशाळा:
फेरी का नाही, याचे उत्तर यातच आहे. लाँचचे वजन पाणी फुकट पेलते, तर हॉवरक्राफ्टला नुसते तरंगत राहण्यासाठीही इंजिन चालवावे लागते. शिवाय आवाज प्रचंड आणि झालरीच्या खालच्या पट्ट्या झिजून वारंवार बदलाव्या लागतात. जिथे होडी आणि गाडी दोन्ही हरतात, तिथेच हा खर्च परवडतो: कच्छचा उथळ किनारा, पुरात अडकलेली माणसे, गोठलेल्या नद्या. कॅनडाचे तटरक्षक दल तर नद्यांवरचा बर्फ फोडायलाही ती वापरते. आपल्या तटरक्षक दलासाठी सहा नव्या यानांचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये चौगुले कंपनीशी झाला असून त्यांची बांधणी गोव्यात होत आहे.

खाडीकाठ:
मनापासून आभार. रोजच्या प्रवाशांसाठी गाळ उपसणे आणि धक्का पुढे नेणे हेच मागायला हवे, असे आता वाटते. पावसाळ्यात आजारी माणसाला पलीकडे नेण्यासाठी तालुक्यात एक लहान हॉवरक्राफ्ट असावे, ही मागणी मात्र मी ग्रामसभेत वेगळी मांडणार आहे.