रवांडाला गायी देऊन गरिबी हटते का?

प्रश्न: २०१८ मध्ये मोदींनी रवांडातल्या रवेरू गावाला २०० गायी दिल्या. १९९४ च्या नरसंहारातून सावरणाऱ्या देशाला गायी कशाला? सरळ रोख द्यायची ना!

संगमनेरकर: दावणीला संकरित गायी आहेत, म्हणून बोलतो. रोख आजारपणात, लग्नकार्यात कधी जिरते कळत नाही. गाय असली की रोज चरवीभर दूध, वर शेणखत. तिथली 'गिरिंका' योजना २००६ ची: गरीब घराला एक गाय, तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला. शिवाय त्या २०० गायी रवांडातच विकत घेतल्या होत्या, म्हणजे पैसाही तिथेच फिरला.

माळरान: आणि चारा? तिथे वस्ती दाट, जमीन इवलीशी.

संगमनेरकर: गोठ्यातच बांधतात, नेपियर गवत कापून घालतात. मला धास्ती भाकड काळाची. दूध बंद, खाणं चालू, आणि गाय फिरली, म्हणजे गाभण राहिली नाही, की डॉक्टर शोधा! मदत देणाऱ्यांनी वैरण-औषधाचंही बघायला हवं.

प्रश्नकर्ता: बाकी परदेशी मदतीचा भरवसा नाहीच. २०१२ मध्ये काँगोतल्या एम२३ बंडखोरांना पाठबळ दिल्याच्या आरोपावरून काही देशांनी रवांडाची मदत रोखली होती.

संगमनेरकर: हो ना. पण गोठ्यातली गाय कोण सोडून नेणार?