हळद-आवळ्याची क्रीम्स: खरंच काही होतं की नुसतं मार्केटिंग?

दादरची_मनी
काल स्टेशनजवळच्या केमिस्टकडे गेले तर रॅकभर तेच, ग्रीन टी जेल, आवळा सीरम, हळद क्रीम, सगळ्यावर 'अँटिऑक्सिडंट' छापलेलं, म्हणजे ऑक्सिडेशननं होणारी पेशींची झीज रोखणारं. मागची यादी वाचली तर अर्क पार तळाला, सेंटच्या शेजारी. माझं म्हणणं सरळ आहे, आवळा खा, उन्हात छत्री घ्या, हे चोपडून काही होत नाही. कोणाला पटत नसेल तर सांगा.

माटुंगा_लॅबवाला
ताई, लेबलचं पटलं, पण 'काही होत नाही' नाही पटलं. मी जेल बनवण्याच्या कामात आहे. खरी मारामारी माल कातडीत उतरवायची असते. वरचा मेलेल्या पेशींचा थर विटांच्या भिंतीसारखा, 500 डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) वरचा रेणू सहसा आत जातच नाही. हळदीतलं कर्क्युमिन 368, म्हणजे साइजमध्ये पास, पण पाण्यात विरघळत नाही, उजेडात खराब होतं आणि टॉवेल पिवळा करतं ते वेगळंच, म्हणून मग लायपोसोम (चरबीचे सूक्ष्म फुगे) नाहीतर नॅनोइमल्शनमध्ये (तेलाचे अतिसूक्ष्म थेंब) भरायचं. व्हिटॅमिन सीची तर अजून गंमत, ते आत जायला पीएच 3.5 च्या खाली, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी लागतं, आणि जेल घट्ट करायचं आपलं नेहमीचं कार्बोपॉल त्या पीएचला घट्टच होत नाही, पाणीपाणी राहतं. आता बोला, जाडसर करायला दुसरं काहीतरी शोधत बसा.

गिरगावकर_बंड्या
एवढी उठाठेव कशाला? आपल्या आज्या हळदच लावायच्या. अमेरिकेनं 1995 मध्ये हळदीवर पेटंट दिलेलं आणि 1997 मध्ये रद्द करावं लागलं, विसरलात का?

दादरची_मनी
बंड्या, ते पेटंट जखम भरण्यावर होतं रे, सुरकुत्यांवर नाही. आणि रद्द झालं ते आपल्याला आधीपासून माहीत होतं म्हणून, त्यानं क्रीम चालतं हे कुठे सिद्ध होतं?
लॅबवाले दादा, तुम्ही अडचणीच सांगितल्यात, म्हणजे माझीच बाजू मांडलीत 😄 कंपन्या काय दाखवतात तर परीक्षानळीत जांभळं डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट तपासायचं रसायन) पिवळं झालं. नळीला कातडी असते का?

माटुंगा_लॅबवाला
नळीवर थांबणारे आहेतच, त्यांच्यासाठी मी भांडणार नाही. पण फ्रान्झ सेलमध्ये (दोन कप्प्यांचं तपासणीचं भांडं) डुकराच्या कानाची कातडी ताणून खाली किती उतरलं ते मोजणारेही आहेत. 2005 चा अभ्यास घ्या, 15% व्हिटॅमिन सी आणि 1% ई असलेल्या द्रावणात 0.5% फेरुलिक ॲसिड टाकलं, वनस्पतींमध्येच सापडतं ते, तर उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपट झालं. तेही डुकराच्या कातडीवरच, हे मान्य.

दादरची_मनी
बघा, 15% म्हणताय! माझ्या रॅकवरच्या एकावरही टक्का नाही. आणि ते सी सीरम आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात बाथरूमच्या फळीवर काही आठवड्यांत चहासारखं होतं त्याचं काय?

माटुंगा_लॅबवाला
तपकिरी झालं की फेकायचं, ते ऑक्सिडाइज झालेलं असतं. गडद बाटली, बारीक तोंड, आणि फळी सोडून कपाटात. टक्क्याचं मात्र कंपनीला मेल टाकून विचारा, सांगत नसेल तर घेऊ नका.

गिरगावकर_बंड्या
आणि छत्री?

माटुंगा_लॅबवाला
छत्री आणि सनस्क्रीन आधी, सीरम नंतर. तेवढं ताईंचं बरोबर.