शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या कोणत्या मॅचेस दाखवाव्यात? (सांगली)

हरिपूररोड
सांगलीतल्या एका शाळेत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी आठवी ते दहावीची मुलं-मुली आहेत, मिळून चाळीसेक. शालेय स्पर्धांपुरते नियम त्यांना येतात, पण गाजलेल्या मॅचेस कुणाला माहीत नाहीत. दीड तासाचा कार्यक्रम बसवायचा आहे. प्रोजेक्टर आहे, शेवटी मैदानही मिळेल. मोजक्याच मॅचेस घ्यायच्या झाल्या तर कोणत्या, आणि त्या कशा समजावून सांगाव्यात? सिनेमा, कार्टून, पुस्तकं यांत बेसबॉल जिथे अनपेक्षितपणे डोकावतो त्या जागाही हव्या आहेत, नाहीतर अर्ध्या तासात पोरं चुळबुळायला लागतात. पालकही असतील. त्यांना क्रिकेट सोडून काही ठाऊक नाही असं धरूनच सांगा.

अजिंक्यतारा
मॅडम, यादी वाढवू नका. एक मॅच क्लिप न लावता कागदावर खेळवा: २६ मे १९५९, मिल्वॉकी, पायरेट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) हार्वी हॅडिक्स.

आधी फरक सांगून टाका. नो-हिटरमध्ये हिट (टोला मारून गाठलेला बेस) मिळत नाही, पण वॉकवर (चार खराब पिचवर फुकट बेस) किंवा फील्डरच्या चुकीवर बॅटर बेसवर पोचू शकतो. परफेक्ट गेममध्ये ९ इनिंग, २७ बॅटर, आणि एकही बेसवर नाही. म्हणजे शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू सुटला तरी पिचरचा परफेक्ट गेम गेला. अनिल कुंबळेच्या दहा विकेट्स एखादा कॅच सुटूनही होऊ शकतात, इथे ती सवलत नाही.

प्रत्येक मुलाला स्कोअरशीट द्या. उभे ९ बॅटर, आडव्या १३ इनिंग. छापील फॉर्ममध्ये बहुधा ९ किंवा १० इनिंगच असतात, म्हणून ए-थ्री कागदावर स्वतः आखून झेरॉक्स काढा. फील्डरचे आकडे असे: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७-८-९. हमखास चूक ५ आणि ६ मध्ये होते. शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मध्ये उभा असतो, म्हणून मुलं त्याला ५ देतात.

हॅडिक्सने १२ इनिंगमध्ये ३६ बॅटर ओळीने आउट केले. पण पायरेट्सनी १२ हिट्स मारूनही मिल्वॉकीचा पिचर लू बर्डेटविरुद्ध धाव काढली नव्हती, त्यामुळे खेळ चालूच राहिला. तेराव्या इनिंगचे चौकोन मुलांकडून एकेक करून भरून घ्या:

मिल्वॉकीच्या मँटिलाचा ग्राउंडर (जमिनीलगतचा टोला) थर्ड बेसकडे, डॉन होकचा थ्रो चुकला. E५, म्हणजे ५ नंबरची चूक (एरर). परफेक्ट गेम इथेच गेला. मॅथ्यूजचा सॅक्रिफाइस बंट (स्वतः आउट होऊन रनरला पुढे सरकवणारा हलका टोला), मँटिला सेकंडवर. हँक अॅरनला मुद्दाम वॉक, म्हणजे डबल प्लेची (एका चेंडूवर दोघे आउट) सोय. मग जो अॅडकॉकने चेंडू उजवीकडच्या कुंपणापलीकडे घातला. होम रनच तो, पण स्कोअर लागला १-०. चेंडू आत पडला असं समजून अॅरन सेकंडनंतर रस्ता सोडून डगआउटकडे वळला, अॅडकॉक त्याच्या पुढे गेला आणि आउट ठरला. होम रनचं डबल (दोन बेसची हिट) झालं. मँटिलाची तेवढी धाव धरली, आणि तीही अनअर्न्ड (पिचरच्या नावावर न लागणारी), कारण तो चुकीवर बेसवर आला होता.

१९९१ ला व्याख्या कडक केल्यावर ही मॅच परफेक्ट गेमच्या अधिकृत यादीतूनही गेली. पालकांसाठी विजय हजारे काढा, जन्म सांगलीचाच. १९४३-४४ च्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेच्या फायनलला ‘द रेस्ट’च्या ३८७ पैकी ३०९ एकट्याच्या, भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी, त्यात विवेकच्या २१. आणि टीम डावाने हरली. हॅडिक्सची गोष्ट त्याच जातीची.

कृष्णाकाठ
हॅडिक्स कागदावर ठीक, पण पडद्यावर काहीतरी हलतं हवं. माझं मत: अशी माणसं निवडा ज्यांची मैदानावरची कामगिरी आणि पडद्यावरचं दर्शन, दोन्ही सांगता येईल. म्हणजे धागा तुटत नाही.

पहिला रेगी जॅक्सन. १८ ऑक्टोबर १९७७, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, यांकीज विरुद्ध डॉजर्स. सुरुवातीला वॉक मिळाला. त्यानंतर चौथ्या इनिंगला बर्ट हूटन, पाचव्याला इलायस सोसा, आठव्याला चार्ली हफ: तीन वेगळे पिचर, तिघांच्या पहिल्याच पिचवर होम रन. हफ नकलबॉलवाला होता, त्याचा चेंडू डुगडुगत येतो, आणि तोही सेंटर फील्डपलीकडे गेला. अकरा वर्षांनी, १९८८ च्या ‘द नेकेड गन’ या विनोदी सिनेमात हाच रेगी संमोहित होऊन मॅचमध्येच राणी एलिझाबेथला मारायला निघालेला आउटफिल्डर आहे. सिनेमातले बाकीचे विनोद शाळेत चालणारे नाहीत, तेवढाच तुकडा कापून घ्या.

दुसरा जो डिमॅजियो. मराठी वाचकाला हे नाव कदाचित आधीच भेटलंय, कारण हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा पुलंनी केलेला अनुवाद ‘एका कोळियाने’. समुद्रात एकटा पडलेला म्हातारा डिमॅजियोच्या टाचेच्या दुखण्याची आठवण काढतो. डिमॅजियोचे वडील खरोखरच कोळी होते. १९४१ ला १५ मे ते १६ जुलै सलग ५६ मॅचेसमध्ये त्याला किमान एक हिट मिळाली. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये थर्ड बेसवरच्या केन केल्टनरने दोन अवघड ग्राउंडर अडवले आणि मालिका तुटली.

५६ हा आकडा नुसता सांगून कळत नाही, फळ्यावर गणित करा. बॅटर मॅचमध्ये चारदा खेळतो आणि दरवेळी हिटची शक्यता ३५ टक्के धरा. चारही वेळा कोरडा राहण्याची शक्यता ०.६५ × ०.६५ × ०.६५ × ०.६५, म्हणजे सुमारे १८ टक्के. एक तरी हिट मिळेल ही शक्यता ८२ टक्के. तेच ५६ वेळा सलग व्हायचं तर ०.८२ चा ५६ वा घात, साधारण ६७ हजारांत एकदा. हे फक्त ठरावीक ५६ मॅचेससाठी आहे. एखादं चलाख पोर विचारेल की पूर्ण करिअर धरलं तर? तेव्हा ‘शक्यता वाढते’ एवढं कबूल करून पुढे सरका. ‘स्टार ट्रेक’मध्ये हा विक्रम २०२६ साली लंडन किंग्ज नावाच्या टीमचा शॉर्टस्टॉप मोडतो. लंडनची टीम, हा लेखकांचा खोडसाळपणा.

कार्टून हवं तर ‘सिम्पसन्स’चा २० फेब्रुवारी १९९२ चा भाग. नऊ खरे खेळाडू स्वतःच्या आवाजात येतात, त्यातल्या आठ जणांवर काहीबाही संकट कोसळतं आणि फक्त डॅरिल स्ट्रॉबेरी खेळायला उरतो. शेवटी त्यालाही बसवून होमरला पाठवतात. चेंडू डोक्याला लागून होमर बेशुद्ध पडतो, बेसेस भरलेले असल्याने धाव मिळते आणि मॅच जिंकली जाते. हिट बाय पिचचा (पिच अंगाला लागला की बॅटरला बेस) नियम यापेक्षा सोपा कुठेच समजावता येणार नाही.

हरिपूररोड
हॅडिक्स आणि रेगी नक्की. मुलींसाठी काय? वीसेक मुली आहेत, बहुतेक सॉफ्टबॉलच्या. आणि पिचर डॉक एलिस घ्यावा का?

वाळवेकर
एलिस नको. १२ जून १९७० ला सॅन दिएगोविरुद्ध नो-हिटर, त्यात आठ वॉक, हे खरं. पण गोष्ट गाजली ती एलएसडीच्या नशेत पिचिंग केलं असं त्याने नंतर स्वतःच सांगितल्यामुळे. आठवीच्या पोरांना एवढंच लक्षात राहील.

मुलींसाठी जॅकी मिचेल. २ एप्रिल १९३१, चॅटनूगाच्या प्रदर्शनी मॅचमध्ये १७ वर्षांच्या या डावखुऱ्या मुलीने बेब रूथ आणि लू गेरिग या यांकीजच्या दिग्गज बॅटरना लागोपाठ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. ती मॅच प्रसिद्धीसाठीच घेतली होती, दोघे खरंच चुकले की मुद्दाम, यावर वाद आहे. तोही सांगा, मुलींना वाद घालायला आवडेल. दुसरं म्हणजे १९४३ ते १९५४ ची अमेरिकन महिला लीग. ती १२ इंच घेराच्या चेंडूने आणि अंडरआर्म पिचिंगने सुरू झाली, म्हणजे जवळजवळ सॉफ्टबॉलच. चेंडू लहान होत गेला, बेसेस लांब गेले आणि १९४८ पासून ओव्हरहँड आलं. तुमच्या मुलींना हा बदल लगेच समजेल. ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा १९९२ चा सिनेमा त्याच लीगवर आहे.

माणदेशी
सगळं जुनंच चाललंय. पोरांना डॉजर्सचा जपानी ओहतानी माहीत असतो ओ, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा, तो सोडून कसं चालेल?

लोक १९ सप्टेंबर २०२४ सांगतात: मायामीत ६ पैकी ६ हिट, ३ होम रन, १० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा), २ स्टील (पळून चोरलेले बेस), आणि एका मोसमात ५० होम रन-५० स्टील पार. माझ्या मते १७ ऑक्टोबर २०२५ त्याहून वरचढ. मिल्वॉकीविरुद्ध लीग फायनलची चौथी मॅच. पिचर म्हणून पहिल्या बॅटरला वॉक, पुढचे तिघे स्ट्राइकआउट, आणि लगेच स्वतः पहिला बॅटर म्हणून येऊन होम रन. एकूण सहा इनिंग पूर्ण, धाव शून्य, १० स्ट्राइकआउट, ३ होम रन.

मुलं इथे अडतील, कारण तिसरा होम रन सातव्या इनिंगमधला आहे आणि तोवर तो पिचिंग सोडून गेला होता. मग बॅटिंग कशी? २०२२ च्या नियमाने सुरुवातीचा पिचरच डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंगसाठीची जागा) असेल तर पिचिंग थांबल्यावरही हिटर म्हणून राहू शकतो. हा नियम आधी सांगा, क्लिप नंतर लावा.

‘मिलियन डॉलर आर्म’ (२०१४) पालकांसाठी ठेवा, रहमानचं संगीत आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू, २००८ ला पायरेट्सनी करारबद्ध केले. मात्र दोघांपैकी कुणीही मेजर लीगमध्ये खेळला नाही, हे स्पष्ट सांगा. रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत गेला.

अजिंक्यतारा
ओहतानी मान्य. मैदानावर काय करायचं ते राहिलंय. फक्कीने दोन खुणा मारा: बॅटरच्या होम प्लेटपासून पिचरची प्लेट १८.४४ मीटरवर आणि त्यामागे क्रिकेटची २०.१२ वर. दीडशे किमी वेगाचा पिच सुटल्यापासून सुमारे ०.४ सेकंदात पोचतो आणि मध्ये टप्पा पडत नाही. दाखवताना टेनिस बॉल वापरा, बॅटरला हेल्मेट घाला, बघणारी पोरं कॅचरच्या मागे नको.

क्लिप्स पाहून प्रत्येकाला ताकदीने फेकावंसं वाटेल, त्याला चाप हवा. अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १३-१४ वर्षांच्या मुलाला दिवसाला कमाल ९५ पिचेस, आणि ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस पिचिंग बंद. तुमच्या वीस मिनिटांत एकाला दहाच द्या, आधी सावकाश थ्रो करून खांदा मोकळा करून घ्या. स्कोअरशीट मैदानावर नेऊ नका, वाऱ्याने उडतात. वर्गातच भरून गोळा करा आणि ५-६ ची चूक किती जणांनी केली ते मोजा.