हायड्रेटला दाब लागतो तो बनवताना

मिथेन हायड्रेट, म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला मिथेन वायू, जमिनीवर साठवायचं तर समुद्रतळासारखा दाब पेलणाऱ्या टाक्या लागतील, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. दाब लागतो तो बनवताना. नंतर उणे 15-20 अंशांवर ठेवलं की साध्या हवेच्या दाबालाही त्यातून गॅस फार हळू सुटतो. पृष्ठभागावरचा थोडा गॅस निघून जातो, मागे राहिलेल्या पाण्याचं बर्फाचं कवच धरतं आणि आतला मिथेन कोंडून राहतो. जपानमध्ये यानाई वीजकेंद्रात अशा गोळ्या बनवून त्या ट्रकने नेऊनही दाखवल्यात.

खरी अडचण क्षमतेची. एक घनमीटर हायड्रेटमध्ये साधारण 160 घनमीटर गॅस मावतो, एलएनजीत (थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूत) 600. शिवाय बनताना सुटणारी उष्णता सतत काढावी लागते. तरी पाइपलाइन न पोचणाऱ्या छोट्या गॅसक्षेत्रांसाठी गॅस असा हायड्रेट करून नेण्याचा विचार व्हायलाच हवा.