मायच्या हाडासाठी मायक्रोआरएनएची टेस्ट करावी का?

कास्तकार_आर्वी
माय 67 वर्षांची. न्हाणीत घसरली अन् मनगट मोडलं. वर्ध्याले डेक्सा (हाडाची घनता मोजाची तपासणी) केला, कमरेचा टी-स्कोर, म्हणजे घनतेचा आकडा, -3.1 आला; जेवढा उणे तेवढं हाड कमजोर. डॉक्टरनं ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होते तो आजार) सांगून हप्त्याची एक गोळी लिहून देली. आता पोरानं मोबाइलवर जाहिरात दाखवली, रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून हाडाचं समजते म्हणे. पैसे एवढे, का तेवढ्यात कापसाच्या एका वेच्याची मजुरी निघते. हे काय भानगड हाय? माय म्हणते, "मले कायले टोचता, कापूस फुटला तिकडं."

जीवशास्त्र_पुसद
दादा, भानगड खरी आहे, जाहिरात घाईची आहे. आरएनए म्हणजे पेशीतला साखळीसारखा रेणू, मायक्रोआरएनए म्हणजे त्याचा साधारण 22 अक्षरांचा (कड्यांचा) तुकडा. प्रथिन बनवायचा निरोप घेऊन जाणाऱ्या आरएनएला तो चिकटतो, मग ते प्रथिन कमी बनतं. 1993 मध्ये एका बारीक कृमीत सापडला. त्यासाठी अँब्रोस आणि रुवकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं.

हाड आयुष्यभर एकीकडे झिजवलं जातं, दुसरीकडे बांधलं जातं. मिर-214 हा मायक्रोआरएनए (मिर हे त्याचंच छोटं नाव) बांधणाऱ्या पेशींतलं एटीएफ-4 हे बांधणीला लागणारं प्रथिन दाबतो. 2013 च्या अभ्यासात फ्रॅक्चर झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाडात तो जास्त, तिथं बांधणी कमी, असं दिसलं. मिर-2861 उलटा, बांधणीला हात देतो. त्यात बिघाड असलेल्या, एकमेकांच्या नात्यातल्या दोन किशोरवयीन मुलांना ऑस्टिओपोरोसिस झाल्याची नोंद 2009 ची आहे.

पण रक्तातलं मोजमाप नाजूक. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात. आणि मुख्य म्हणजे, -3.1 आणि मोडलेलं मनगट हातात असताना रिपोर्ट काहीही आला तरी गोळी तीच राहील. नका करू.

बुढीचा_नातू
गोळी कशी देता ते पाहा आधी. सकाळी उपाशीपोटी, गिलासभर साध्या पाण्यासंगं. चहा मंग. अर्धा तास आडवं होऊ द्याचं नाही, नाहीतं अन्ननलिका जळते. न्हाणीतलं शेवाळ घासा, धराले पाइप ठोका. डी जीवनसत्त्वाचंही डॉक्टरले इचारा.

कास्तकार_आर्वी
चहा तं ते पयले घेते! उद्यापासून बंद. ताई, मिर-214 दाबाचं औषध निघन का?

जीवशास्त्र_पुसद
उंदरांत दाबून पाहिलं, हाड सुधारलं. अडचण अशी की तोच तुकडा स्नायूत, हृदयातही कामाला असतो. औषध फक्त हाड बांधणाऱ्या पेशीपर्यंत न्यायचं कसं, यावर काम सुरू आहे. बाजारात असं औषध नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका.