पर्थच्या विद्यापीठातला फक्त चित्रकर्तींचा संग्रह: जावयाला काय सांगू?

चित्रकलाबाई_सातारा
लेकीकडे पर्थला आले आहे. घर क्रॉलीजवळ, त्यामुळे संध्याकाळचं फिरणं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या आवारात होतं. तिथल्या लॉरेन्स विल्सन कलादालनाकडे क्रदर्स संग्रह आहे, सगळा ऑस्ट्रेलियन चित्रकर्तींचा. मी जन्मभर पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलं. वर्गात हात चांगला मुलींचा, पुढे जेजेला जायचा मुलगा! म्हणून मला बघायचाच आहे. जावई म्हणतात, "चित्र चांगलं असलं की झालं, बायकांचं वेगळं कशाला?" आणि विद्यापीठाला हे परवडतं कसं?

पर्थकर_मंदार
काकू, परवडायचा प्रश्नच नाही, दान आहे ते. पर्थची पहिली टीव्ही वाहिनी 1959 साली सुरू झाली, ती उभी करणारे जेम्स क्रदर्स आणि त्यांची पत्नी शीला. चित्रं निवडायची नजर शीलाबाईंची. आधी सगळं घरातल्या भिंतींवर होतं, 2007 मध्ये विद्यापीठाला दिलं. इथे सार्वजनिक संग्रहाला कलाकृती दिली की बाजारभावाइतकी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा मिळते, 1978 पासूनची योजना आहे. (आमच्या सीएला हे सांगितलं तर तो चित्रंच गोळा करायला लागेल.)

रेघोट्या
बाई, जावयांना वाद घालून पटवू नका, आत न्या. शीलाबाईंचा नेम असा की शक्यतो एकीचं एक महत्त्वाचं चित्र घ्यायचं आणि जोडीला तिचं स्वचित्र, म्हणजे तिने स्वतःचंच काढलेलं चित्र. त्यामुळे बाईने जग कसं पाहिलं आणि आरशात स्वतःला कसं पाहिलं, दोन्ही ताडून बघता येतं. एकटं चित्र बघून हे कळत नाही, आणि संग्रह वेगळा ठेवण्याचं कारणही मला तेच वाटतं. ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ, जॉय हेस्टर या जुन्या, तर बडिमाया या आदिवासी समाजाची ज्युली डाउलिंग आजची.

एलीझ ब्लूमान मात्र चुकवू नका. मूळची जर्मनीची, 1938 मध्ये पर्थला आली आणि स्वान नदीकाठची मेलालुका झाडं रंगवत बसली. जाण्याआधी विद्यापीठासमोर नदीकाठी मटिल्डा बेवर ती झाडं हात लावून बघा: साल कागदासारखी, पापुद्र्यावर पापुद्रा, बोटाने सहज सुटते. ब्लूमान ते पापुद्रे मोजत बसत नाही. जाड, वळणदार फटकाऱ्यात वाऱ्याने वाकलेलं अख्खं खोड उभं करते. तुम्ही मुलांना "आधी झाडाचा कल बघा, पानं नंतर" असंच सांगत असणार.

फक्त एक, संग्रहातलं सगळं एका वेळी मांडलेलं नसतं, प्रदर्शनं बदलतात. सध्या काय लागलंय ते संकेतस्थळावर बघून जा. प्रवेश फुकट.

चित्रकलाबाई_सातारा
मंदार, रेघोट्या, आभार. आपल्याकडच्या चित्रकर्ती अंबिका धुरंधर, अँजेला त्रिंदाद, बी. प्रभा यांची स्वचित्रं अशी शेजारी लावलेली बघायला मी मुंबईला पायी जाईन. जावयांना शुक्रवारी दुपारी वेळ आहे, नेते त्यांना. तोवर झाडं बघून घेते.